नाव तपासून घेतली

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. आधी डोळ्याचे ऑपरेशन, मग पावसाळा, मग नातवाच्या परीक्षा. निमित्ते भरपूर. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना, आणि त्याला कारण आहे एक होडी.

हसू नका. पंच्याहत्तरीतल्या मास्तराचा आणि होडीचा काय संबंध, असे आमच्या घरातूनही विचारून झाले आहे. त्यातून मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे बघायची नव्हे, वाट बघायची गोष्ट. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले तेव्हा लातूरचे लोक स्टेशनावर जमले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. पाणी रेल्वेने येते हे पाहिलेल्या माणसाने पाण्यावर काय चालते याविषयी बोलावे, हा विनोदच आहे. पण नोकरी नांदेड जिल्ह्यात झाली, सगळी गोदावरीच्या काठाकाठाने, आणि निवृत्तीनंतर नांदेडलाच राहिलो. त्यामुळे पोहता येत नसले तरी नदी थोडी कळते.

तर झाले असे. विष्णुपुरीच्या फुगवट्यावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे भोई समाजाची मच्छीमारांची छोटी सोसायटी आहे. तिचा चेअरमन माझा विद्यार्थी. आता तोही पन्नाशी ओलांडलेला, पण मला पाहिले की अजून चप्पल काढून उभा राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"गुर्जी, नवी नाव आलीय सोसायटीला. फायबरची. तुमी एकदा येऊन बघा, आन् कागदावर काय लिव्हलंय ते बी वाचून सांगा. सही करायची हाय."

कागद वाचून सांगणे हे निवृत्त मास्तराचे ठरलेले काम. गेलो.

नाव काठावर टेवून ठेवली होती. निळी, चकचकीत, अठरा फूट लांब, मधे साडेचार फूट रुंद. समोर नारळ फोडलेला, हळद-कुंकू वाहिलेले, पोरे आत चढून फोटो काढत होती. शेजारीच त्यांची जुनी साधने पडलेली. एक डांबर फासलेली लाकडी होडी, जिच्या फळ्या मोकळ्या झाल्या होत्या. दोन थर्माकोलचे तराफे, वर गोणपाट बांधलेले. आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब. या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत माणूस भर तळ्यात जाळे लावायला जातो. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी हिवाळ्यातल्या पहाटे जाऊन पाहावे. रोहू-कटला खाताना मग घास जरा सावकाश उतरतो. अशा साधनांशेजारी ती निळी नाव म्हणजे झोपडीशेजारी बंगलाच वाटत होती.

कागद घेतला. एकच पान. खाली छापलेले होते: "नाव तपासून घेतली. स्थिती उत्तम. तक्रार नाही." त्याखाली सहीची जागा.

आणि मंडळी, माझा हात थरथरला. वयामुळे नव्हे. हे वाक्य मी पूर्वी एकदा लिहिले आहे.

ती गोष्ट १९७९ सालची. मी नुकताच एकोणतीस वर्षांचा, बी.ए. झालेला, नदीकाठच्या एका गावच्या शाळेवर. पलीकडच्या तीरावरच्या वस्तीतली पोरे रोज नदी ओलांडून येत. उन्हाळ्यात पायी, पावसाळ्यात काहिलीत बसून. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची गूळ करायची मोठी कढई. गोल फिरत फिरत यायची बिचारी. ते बघवेना, म्हणून आम्ही लोकवर्गणी काढून पत्र्याची नाव घेतली. बाहेरगावचा एक कारागीर ती बैलगाडीतून घेऊन आला. गावात लिहिता-वाचता येणारा आणि सरकारी पगार घेणारा मीच. त्याने वही पुढे केली. मी नावेभोवती एक फेरी मारली, काठावर दोनदा थोपटले आणि झोकात लिहिले, "नाव तपासून घेतली. स्थिती उत्तम."

काय तपासले होते मी? रंग. दुसरे काही तपासायचे असते हेच मला माहीत नव्हते.

त्याच श्रावणात काठापासून पन्नास-साठ हातांवर तळाचा जोड उकलला. आत सात पोरे होती. नावाड्याने आणि काठावरच्या दोघांनी सगळी बाहेर काढली. कोणी दगावले नाही, ही नदीची कृपा, माझी नव्हे. पण सहावीतली एक मुलगी पाणी प्यायली, दोन दिवस तापाने फणफणली आणि तिच्या बापाने तिला पुन्हा शाळेत पाठवले नाही. वर्गात पहिल्या तिनात होती. महिनाभर वाट पाहून मी पटावरचे तिचे नाव कमी केले. एका नावेवर सही केली आणि एक नाव खोडले. मराठीचा मास्तर असूनही या श्लेषाचे मला कधी हसू आले नाही.

तो चेअरमन तिचा धाकटा भाऊ. त्याने मला का बोलावले हे मी त्याला विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

असो. तर मी म्हणालो, "सही आज नको. आधी तपासू."

"काय तपासायचं गुर्जी? नवी कोरी तर हाय."

तिथल्या एका म्हाताऱ्याने लगेच म्हण ऐकवली. धर्माची गाय आणि दात का नाय! फुकटच्या वस्तूत खोड काढू नये, असा त्याचा भाव. यावर माझे म्हणणे असे की ही गाय धर्माची नव्हेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात पारंपरिक मच्छीमाराला नाव आणि जाळे घेण्यासाठी अनुदान आहे, पण सर्वसाधारण लाभार्थ्याला ठरलेल्या खर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. भोई समाज आपल्याकडे भटक्या जमातींत येतो, म्हणजे हिशेब चाळिसाचाच. उरलेले साठ टक्के या माणसांनी मासे विकून आणि बायकांचे डोरले गहाण ठेवून भरले होते. शंभरातले साठ ज्याचे, त्याला गायीचे दात मोजायचा हक्क नाही?

आता तपासायचे कसे? मला काय कळणार? पण मास्तराला एक गोष्ट येते, ती म्हणजे प्रश्न विचारणे. आठ दिवस मी तेच केले. नांदेडला पाण्याच्या टाक्या आणि कूलरची बॉडी फायबरची करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसलो. शिवाय माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याची तिकडे 'बास बोट' आहे. बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, हा तिकडचा छंद. (हे मी आमच्या भोई मंडळींना सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना. "सोडायचा तं धरायचा कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.) फॉरेस्ट वुड नावाच्या माणसाने १९६८ साली आर्कान्सामधल्या फ्लिपिन नावाच्या लहानशा गावात 'रेंजर' बोटींचा कारखाना काढला, तेव्हापासून या प्रकाराची भरभराट झाली म्हणतात. तोही फायबरचाच धंदा.

पुतण्याने मला व्हिडिओ कॉलवर त्याची बोट नाकापासून शेपटापर्यंत दाखवली. तिचे ते गालिचे, खुर्च्या, मासा शोधायचे पडदे यात मला रस नव्हता. मी म्हणालो, "सुकाणूजवळ ती लहान पाटी कसली आहे, ती वाच." त्याने वाचली. जास्तीत जास्त माणसे इतकी, माणसे-इंजिन-सामान मिळून वजन इतके, इंजिन इतक्या अश्वशक्तीपर्यंत. अमेरिकेत १९७१ साली नौका-सुरक्षेचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनुसार वीस फुटांपेक्षा लहान अशा नावेवर ही पाटी लागतेच. आणि दुसरी अट त्याहून महत्त्वाची. नाव पाण्याने काठोकाठ भरली तरी ती बुडता कामा नये, आणि अशी इंजिनाची लहान नाव तर शक्य तितकी सपाट तरंगत राहिली पाहिजे, म्हणजे माणसांना धरून राहता येते.

इथे मला खरा धडा मिळाला. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे गावोगाव लाकडाच्या जागी फायबर येत आहे आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही.

लाकूड पाण्यापेक्षा हलके. लाकडी होडी उलटली, भरली, तरी बुडत नाही. पाण्यालगत का होईना, तरंगते. आपल्या भोयांना पिढ्यान्‌पिढ्या हे ठाऊक आहे. बापाने पोराला शिकवलेले असते की नाव उलटली तर नाव सोडू नको. फायबर मात्र पाण्यापेक्षा जड. काचेच्या धाग्यांची चटई आणि तिला घट्ट करणारे रसायन, ज्याला ते लोक रेझिन म्हणतात, यांचा एक लिटर आकाराचा तुकडा दीड किलोच्या आसपास भरतो. नाव रिकामी असेपर्यंत तिच्या पोटातल्या पोकळीवर ती तरंगते. पोकळीत पाणी भरले की ती सरळ तळाला. म्हणजे बापाने शिकवलेला धडा नव्या नावेत उलटा पडतो. जी धरून ठेवायची तीच माणसाला खाली नेते.

यावर उपाय सोपा आहे. नावेच्या पुढच्या-मागच्या टोकांना आणि बसायच्या फळ्यांखाली बंद पेट्या करायच्या आणि त्यांत फोम भरायचा. नुसती हवा नको. पेटीला केसाएवढी चीर गेली की हवेच्या जागी पाणी येते. फोम असला तर येत नाही. किती फोम? सहावीचे गणित आहे. समजा नाव १८० किलोची. लिटरला दीड किलो धरले तर तिचा आकार १२० लिटर. पाण्यात बुडाल्यावर आर्किमिडीजच्या नियमाने १२० किलो वजन कमी होणार, उरले साठ किलो. हे साठ किलो उचलायला साठ लिटरची बंद जागा हवी, म्हणजे पंधरा लिटरचे तेलाचे चार डबे. ही नुसती नाव. इंजिन, जाळ्याला बांधलेली शिशाची वजने, धरून लोंबकळणारी चार माणसे मिळून डबे दहा-बारा तरी हवेत. आणि ते सगळे एकाच टोकाला नकोत.

हे शिकून मी पुन्हा काठावर गेलो. चेअरमन, चार सभासद आणि मी. आम्ही तपासायला सुरुवात केली. काय पाहिले ते क्रमाने लिहितो. कोणाच्या उपयोगी पडले तर पडो.

पहिले, आवाज. रुपयाचे नाणे घेऊन सगळ्या अंगावर टकटक केले. मडके घेताना आपण वाजवून घेतो तसेच. बहुतेक ठिकाणी खणखणीत वाजले. उजव्या कुशीला वीतभर जागेत मात्र बद्द आवाज. तिथे थर एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत. खडूने गोल करून ठेवला.

दुसरे, आतली बाजू. बाहेरून साच्यातून निघालेली चकाकी सगळ्यांना दिसते. कारागिराचा खरा हात आतून दिसतो. आत हात फिरवला तर ज्वारीच्या कुसळासारखे काचेचे धागे टोचत होते. काही ठिकाणी धागा कोरडा, पांढरट, रेझिन न प्यायलेला. ओल्या हाताने दिवसभर जाळे ओढणाऱ्या माणसाला ही कुसळे म्हणजे रोजचे दुखणे. हा दोष घासून आणि वरून एक हात देऊन निघतो. पण काढायला हवा.

तिसरे, मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. आत प्लायवूड असते. ते चहूबाजूंनी फायबरने बंद हवे. इथे वरच्या कडेला प्लाय उघडाच होता, वरून नुसता रंग. दोन पावसाळ्यांत तो फुगणार, बोल्ट सैल होणार आणि इंजिन एक दिवस नदीला अर्पण. बोल्ट म्हणाल तर चुंबक लावून पाहिले. घट्ट चिकटला, आणि माथ्यावर तांबूस गंज फुटू लागला होता. साधे लोखंड, वर चंदेरी रंग दिलेला.

चौथे, काठ. जाळे काठावरून आत येते. काठ गोल आणि गुळगुळीत हवा. आमच्या नावेचा काठ छान होता, पण आतून बोल्टची टोके वर आलेली. जाळे अडकले की फाटणार, आणि अडकलेले जाळे सोडवायला माणूस वाकला की तोल जाणार. सभासदांनी हा दोष माझ्या आधी पाहिला. तज्ज्ञ तेच, मी नव्हे.

चांगलेही सांगितले पाहिजे, नाही तर तपासणी कसली? तळ सपाट आणि रुंद होता. दोघेजण एका कुशीला उभे राहिले तरी नाव फार कलली नाही. उभे राहून फेकजाळे टाकणाऱ्याला हेच हवे. तळाला लांबीने तीन जाड पट्ट्या दिलेल्या. धरणाच्या काठच्या काळ्या दगडांवरून ओढताना त्या झिजतील, तळ झिजणार नाही. ज्याने हा आकार योजला त्याला मासेमारी कळत होती. म्हणजे आराखडा चांगला, पण बांधणारा हात घाईचा. आपल्या बऱ्याच सरकारी इमारतींचेही असेच असते.

शेवटची परीक्षा पाण्याची. कमरेइतक्या पाण्यात नाव नेली आणि मी म्हणालो, "आता हिच्यात पाणी भरा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवी नाव, नारळ फोडलेली, आणि मास्तर म्हणतो बुडवा.

"अपशकुन व्हतो की गुर्जी," एकजण म्हणाला.

चेअरमन काही बोलला नाही. त्याने बादली घेतली आणि पहिले पाणी स्वतः ओतले.

तासभर चौघे बादल्या ओतत होते. पाणी काठाला लागले तेव्हा नाव क्षणभर स्थिर राहिली. मग मागचे टोक गप्पकन खाली गेले आणि पुढचे नाक वर उठले. मागच्या पेटीच्या झाकणाच्या फटीतून बुडबुडे येऊ लागले, बराच वेळ येत राहिले. पेटी रिकामी होती. फोम फक्त पुढे भरला होता. कमरेइतक्या पाण्यात होतो म्हणून मागचे टोक तळाला टेकून थांबले. भर फुगवट्यात, जिथे तळ लागत नाही, तिथे ती कणसासारखी उभी राहिली असती, आणि उभ्या नावेला चार माणसे धरणार कुठे?

कोणीच काही बोलले नाही. काठावर काही बायका येऊन थांबल्या होत्या. त्यांत चेअरमनची बहीण होती. आता तीही आजी झाली आहे. डोक्यावरचा पदर सावरत बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे बघत होती. मी पाण्यातून बाहेर आलो तशी म्हणाली, "गुर्जी, धोतर वलं झालं की तुमचं." एवढेच. शेचाळीस वर्षांत ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

आता मुद्द्यावर येतो.

माझे मत असे आहे की आपल्याकडे वस्तू तपासायची रीतच उलटी आहे. ती काठावर तपासली जाते, पाण्यात नाही. आणि तपासतो तो, जो तिच्यात कधी बसणार नाही. लांबी, रुंदी, रंग, किंमत या सगळ्यांचे रकाने कागदावर असतात. "भरली तर तरंगते का?" हा रकाना नसतो. ज्याचा जीव तिच्यावर, त्याच्याकडे शेवटी फक्त सही मागायची, तीही छापील वाक्याखाली.

कोणी म्हणेल, मास्तर, एका नावेचे काय एवढे? १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जाकीट नव्हते. मला त्या दोन शिक्षिका आठवत राहतात. कोणीतरी त्यांना "बसा" म्हणाले असेल आणि त्या पोरांना घेऊन बसल्या असतील. मीही बसलो असतो. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या उजनीच्या पाणलोटात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ते पाणीही धरणाचेच, विष्णुपुरीसारखे. वळवाचा वारा सांगून येत नाही. आणि २०२५ च्या ऑगस्टात आमच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ ही गावे पाण्याने वेढली तेव्हा लोकांना बाहेर काढायला नावाच लागल्या. पूर आला की बाहेरचे पथक पोचेपर्यंत गावातली नाव हीच पहिली मदत. तेव्हा मच्छीमाराची नाव ही फक्त त्याची नसते.

कायदा काय म्हणतो? १९१७ चा जुना कायदा यंत्रावर चालणाऱ्या नावांपुरता होता. २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात हाताने वल्हवायच्या नावांचीही दखल आहे, आणि त्यांची नोंद जिल्हा, तालुका, गाव पातळीवर व्हावी अशी योजना आहे. म्हणजे दार उघडले आहे. आत जायचे काम आपले. माझी मागणी मोठी नाही. अनुदानातून येणाऱ्या प्रत्येक नावेवर पाटी असावी, माणसे किती आणि वजन किती. ताब्यात घेण्याआधी दोन सभासदांसमोर ती पाण्याने भरून दाखवावी. त्याला एक तास आणि एक बादली लागते. आणि सहीच्या कागदावर "तक्रार नाही" हे आधी छापलेले नसावे. तिथे चार रिकाम्या ओळी असाव्यात. कोचीला १९५७ पासून केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था होड्या आणि जाळ्यांवरही काम करते आहे. ज्ञान देशात आहे. ते विष्णुपुरीच्या काठापर्यंत यायला कोणाची हरकत आहे?

एक गोष्ट कबूल करतो. मला भीती होती की सही नाकारली तर नावच परत जाईल आणि ही माणसे पुन्हा ट्यूबवर बसतील. तशी कुजबुजही झाली. "गुर्जीच्या नादानं हातचं जायाचं." हे म्हणणे मला खोटे म्हणता येणार नाही. ज्याला पर्याय नाही त्याला तपासणीची चैन परवडत नाही, आणि शहाणपणा शिकवणारा मास्तर संध्याकाळी आपल्या घरी जातो. म्हणून मी कागद फाडला नाही. चेअरमनने सही केली, पण छापील वाक्याला काट मारून वर माझ्याच अक्षरात पाच दोष लिहिले, तारीख घातली आणि चौघांचे अंगठे व सह्या घेतल्या. कागद दिला आणि एक प्रत ठेवली.

तीन आठवड्यांनी बांधणाऱ्याचा माणूस आला. मागच्या पेटीत फोम भरला, प्लाय बंद केला, बद्द आवाजाची जागा खरवडून पुन्हा थर दिला. बोल्ट बदलले नाहीत. ते सोसायटीने स्वतः बदलले. पाटीचे विचारले तर म्हणाला, तशी पद्धत नाही.

मग आम्हीच पद्धत पाडली. पुन्हा पाणी भरून पाहिले. या खेपेला नाव काठालगत सपाट तरंगली आणि दोन पोरे तिच्यात बसून खिदळत राहिली. मग पाणी उपसून एकेक माणूस चढवला. काठ पाण्यापासून एक वीत आणि चार बोटे वर राहिला पाहिजे, असे जुन्या जाणत्याने सांगितले, तेच माप धरले. जाळी आणि इंजिनासह पाचवा चढला तेव्हा माप मोडले. म्हणून चार. शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवणारा पेंटर बोलावला आणि नावेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या अक्षरात लिहून घेतले, "माणसे ४". लांबून वाचता येईल एवढे मोठे. पोरांनाही वाचता यावे म्हणून.

'ण'चा कान जरा वाकडा आला आहे. पण राहू दिला.

असो. पुष्कळ लांबले. तुमच्या गावात नवी नाव आली, नवी पाण्याची टाकी आली, शाळेची नवी खोली झाली, तर एक करा. सही करण्याआधी बादली मागा.